डोंगराएवढा देश

नकाशासंग्रहात युरोपचं पान उघडलं की इटलीच्या पूर्वेकडच्या अंगाला एक ठिपका दिसतो. ठिपक्यात नाव मावत नाही, म्हणून नकाशा छापणारे ते शेजारच्या समुद्रात छापतात आणि तिथून ठिपक्यापर्यंत एक बारीक रेघ ओढतात. त्यामुळे ज्या देशाला वीतभरही किनारा नाही त्याचं नाव कायम एड्रियाटिकच्या पाण्यात तरंगत असतं. बाकीचे देश समुद्रासाठी लढाया करतात. सान मारिनोला तो छापखान्याच्या गरजेपोटी आपोआप मिळाला.

देश केवढा? ६१ चौरस किलोमीटर. माणसं चौतीस हजारांच्या आसपास. चहूबाजूंनी इटली. मधोमध मोंते तितानो नावाचा चुनखडकाचा डोंगर, साडेसातशे मीटरच्या आत-बाहेर उंचीचा. त्याच्या माथ्यावर तीन सुळके आणि तीन सुळक्यांवर तीन बुरूज. राजधानी याच डोंगराला बिलगून वसली आहे आणि तिचंही नाव सान मारिनोच. विमानतळ नाही, रेल्वे नाही. रिमिनीहून बसमध्ये बसायचं, तासाभरात वळणं घेत घेत परदेशात पोचायचं. सीमेवर कमान आहे, कमानीवर स्वातंत्र्याच्या प्राचीन भूमीत तुमचं स्वागत असल्याचं लिहिलं आहे, पण स्वागताला माणूस नाही. पासपोर्ट कुणी मागत नाही. इतकं निवांत परदेशगमन प्रवाशाला सोसत नाही. मग तो पर्यटन कार्यालयात जाऊन पाच युरो मोजतो आणि पासपोर्टवर शिक्का मारून घेतो. सीमा ओलांडल्याचा पुरावा म्हणून पदरचे पैसे देऊन हौसेने शिक्का घ्यायची ही तऱ्हा देशानेही हसतमुखाने मान्य केली आहे.

एवढा लहान देश टिकला कसा, हा प्रश्न तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. तो मोठा कसा झाला नाही? इटलीत शतकानुशतकं प्रत्येक शहर शेजारच्या शहरावर डोळा ठेवून होतं. मालातेस्ता आणि मोंतेफेल्त्रो ही घराणी, पोप, व्हेनिस, सगळ्यांच्या हद्दी फुगत होत्या, फुटत होत्या. या गदारोळात एका डोंगराने मात्र आपलं पोट भरल्याचं वेळेवर ओळखलं. १४६३ मध्ये सिगिस्मोंदो मालातेस्ताविरुद्धच्या लढाईत पोपची बाजू घेतल्याबद्दल सान मारिनोला काही गावं बक्षीस मिळाली. फाएतानो नावाचं एक गाव तर आपण होऊन येऊन मिळालं. आणि मग सान मारिनो थांबलं. त्यानंतर आजतागायत या देशाच्या हद्दीत भर पडलेली नाही.

या थांबण्याची सुरुवात दंतकथेतच आहे. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या राब बेटावरून मारिनुस नावाचा एक पाथरवट रिमिनीला कामाला आला. माणूस ख्रिस्ती, काळ डायोक्लेशियन बादशहाचा, म्हणजे ख्रिस्त्यांना धड नसलेला. त्यात एक बाई उपटली आणि हा माझा पळालेला नवरा आहे, असं चारचौघांत सांगू लागली. मारिनुसने वाद घातला नाही. तो थेट डोंगरावर जाऊन राहिला. डोंगर फेलिचिस्सिमा नावाच्या एका श्रीमंत बाईच्या मालकीचा होता. तिचा मुलगा याच्या प्रार्थनेने बरा झाला आणि तिने डोंगरच त्याच्या नावे केला. स्थापनेची तारीख ३ सप्टेंबर ३०१ अशी ठामपणे सांगितली जाते आणि दरवर्षी साजरीही होते. इतिहासकार मान हलवतात, पण सुट्टीच्या दिवशी त्यांचं कोण ऐकतो? एकूण, देशोदेशीच्या मुळाशी कुणीतरी घोड्यावर बसलेला असतो, इथे छिन्नी-हातोडा घेतलेला माणूस आहे. पाथरवटाचं काम दगड वाढवायचं नसतं. नको तेवढा काढून टाकायचं असतं.

राज्यकारभारातही त्यांनी हेच केलं. सत्ता हा प्रकार एका माणसाच्या हाती फार काळ राहिला की बिघडतो, हे जगातल्या बहुतेक राज्यघटनांना ठाऊक आहे. सान मारिनोने त्यावर काढलेला उपाय मात्र जरा जास्तच कडक आहे. राष्ट्रप्रमुख एक नाही, दोन. त्यांना कॅप्टन-रीजंट म्हणतात. मुदत पाच वर्षं नाही, सहा महिने. दर १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला नवी जोडी येते, जुनी जाते. १२४३ पासून अशा जोड्यांची नोंद आहे. दोघांचे अधिकार सारखे, आणि एकाच्या निर्णयाला दुसरा नकार देऊ शकतो. एकदा पद भोगलं की तीन वर्षं पुन्हा नाव घ्यायचं नाही. पदग्रहणाला काळा मखमली पोशाख, मिरवणूक, वाद्यं, रक्षकदल, सगळा थाट असतो. पण त्या पोशाखाची घडी सहा महिन्यांनी मोडणारच, हे शिंप्यापासून सगळ्यांना माहीत असतं.

आणि घडी मोडली म्हणजे सुटका झाली असं नाही. पायउतार झालेल्या रीजंटांच्या कारभाराची तपासणी होते. ठरावीक दिवसांत कोणताही नागरिक उठून म्हणू शकतो की यांनी अमुक गोष्ट चुकीची केली किंवा अमुक गोष्ट करायची ती केली नाही. निरोपाच्या भाषणांनंतर हिशेबाची वही उघडणारी ही पद्धत शतकांपासून चालत आलेली आहे. याउलट नवी जोडी आली की पहिल्या रविवारी नागरिक आपले अर्ज घेऊन राजवाड्यात हजर होतात. रस्ता, शाळा, कायदा, काहीही. तो अर्ज साठ सदस्यांच्या महापरिषदेपुढे चर्चेला आणावाच लागतो. पूर्वी घराघरातले कर्ते एकत्र जमून निर्णय घेत, त्या सभेला अरेंगो म्हणत. काळाच्या ओघात परिषदेतल्या जागा मोजक्या घराण्यांत फिरू लागल्या. तेव्हा २५ मार्च १९०६ रोजी घरोघरचे कर्ते पुन्हा चर्चमध्ये जमले आणि परिषद मतदानानेच निवडायची, असं ठरवून घरी गेले. रविवारचा अर्ज म्हणजे त्या जुन्या सभेचं उरलेलं शेपूट.

न्यायाच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःवर अजिबात विश्वास ठेवला नाही. न्यायाधीश बाहेरचा, बहुतेक वेळा इटालियन, असा जुना रिवाज. कारण उघड आहे. एवढ्याशा डोंगरावर वादी एकाचा मावसभाऊ आणि प्रतिवादी दुसऱ्याचा व्याही. निकाल कुठलाही लागला तरी न्यायाधीशाच्या घरचं जेवण बिघडणार. त्यापेक्षा ज्याला इथे कुणी नातेवाईकच नाही असा माणूस पगार देऊन आणलेला बरा. आपली माणसं आपल्याला किती ओळखतात, याची जाण असलेल्या समाजालाच हे सुचतं.

या थांबण्याची खरी परीक्षा १७९७ मध्ये झाली. नेपोलियनच्या फौजा इटलीत धावत होत्या. त्याने सान मारिनोला दूत पाठवला तो कुणी सेनापती नव्हे, तर गणितज्ञ गास्पार मोंज. मोंजने सांगितलं की सेनापतींना तुमच्या प्रजासत्ताकाचं कौतुक वाटतं. धान्य हवं तर देऊ, चार तोफा देऊ आणि हवा असेल तर शेजारचा मुलूखही देऊ. तेव्हाचे प्रमुख गृहस्थ आंतोनिओ ओनोफ्री यांनी मैत्रीबद्दल आभार मानले आणि मुलूख नम्रपणे परत केला. आज दिलेलं उद्या कुणीतरी मागायला येईल, हा हिशेब त्यामागे होता. तोफा तर शेवटपर्यंत आल्याच नाहीत, असं सांगतात. पुढे नेपोलियन पडला आणि व्हिएन्नात बसून राजेमहाराजांनी युरोपची फेरवाटणी केली. ज्यांनी नेपोलियनकडून घेतलं होतं त्यांच्याकडून परत घेतलं गेलं. सान मारिनोकडून परत घ्यायला काही नव्हतंच. इतिहासात नकारामुळे वाचलेल्यांची यादी फार लांब नाही. या यादीत हे नाव वरच्या बाजूला लिहावं लागेल.

आता कुणी म्हणेल, डोंगर एकटा बसून राहिला, त्यात कसलं कौतुक. पण दार लावून बसलेला हा देश नाही. १८४९ च्या जुलैअखेरीस इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी रोमहून माघार घेत, मागे ऑस्ट्रियन फौज, सोबत गरोदर आणि आजारी पत्नी अनिता, अशा अवस्थेत इथे येऊन पोचला. सान मारिनोने त्याला आसरा दिला. त्याने तिथेच आपलं सैन्य विसर्जित केलं आणि रात्रीच्या अंधारात निसटला. अनिता चारच दिवसांनी राव्हेन्नाजवळ गेली. पुढे इटली एक झाली, एकेक संस्थान तिच्यात विरघळलं, पण या डोंगराला कुणी हात लावला नाही. १८६२ मध्ये नव्या इटलीने रीतसर करार करून त्याचं स्वातंत्र्य मान्य केलं. अडीअडचणीत दिलेली एक रात्र कधी कधी फार मोठं भाडं मिळवून देते.

त्याच सुमारास त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांनाही पत्र लिहिलं. अब्राहम लिंकन नुकते पदावर आलेले, आणि सान मारिनोने त्यांना आपलं नागरिकत्व देऊ केलं. पत्र दोन रकान्यांत, एकीकडे अस्खलित इटालियन, दुसरीकडे अडखळतं इंग्रजी. लिंकनने ७ मे १८६१ रोजी उत्तर पाठवलं. तुमचा मुलूख लहान असला तरी इतिहासात तुमच्या राज्याचा मान मोठा आहे, असा त्याचा आशय होता. तारीख बघा. फोर्ट समटरवर तोफा सुटून महिनाही झाला नव्हता, स्वतःचा देश डोळ्यांदेखत दुभंगत होता, आणि हा माणूस एका डोंगराला सविस्तर उत्तर लिहीत बसला होता. प्रजासत्ताक टिकतं का, या प्रश्नाने रात्री जागवणाऱ्या माणसाला दीड हजार वर्षं टिकल्याचं सांगणारं पत्र येणं, ही अडखळत्या इंग्रजीतली का होईना, मोठी सोबत असावी.

दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ होता. तरीही २६ जून १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, कारण जर्मनांनी तिथे दारूगोळा साठवल्याचा त्यांचा समज झाला होता. माणसं मेली, रेल्वे मोडली. १९३२ मध्ये सुरू झालेला रिमिनीपासूनचा तो विजेचा लोहमार्ग जेमतेम बारा वर्षं चालला. मग त्याच्या बोगद्यांत माणसं राहू लागली. त्या उन्हाळ्यात युद्धाच्या आघाडीतून पळालेले सुमारे एक लाख निर्वासित सान मारिनोत आले होते आणि देशाची स्वतःची वस्ती तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास होती. एका यजमानामागे सहा-सात पाहुणे, तेही मुक्कामाला, तेही उपाशी. हा हिशेब कुठल्याही अर्थशास्त्रात बसत नाही, पण बसवला गेला.

सप्टेंबरात आघाडी डोंगरापाशी आली तेव्हा जर्मनांना हुसकावायला आलेली फौज होती चौथ्या भारतीय डिव्हिजनची. सान मारिनोच्या लढाईत १८ सप्टेंबरला नवव्या गुरखा रायफल्सचा शेरबहादूर थापा जखमी साथीदारांना आगीतून काढताना पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रिमिनीहून सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा सैनिकांची दफनभूमी आहे. त्याच उन्हाळ्यात, १० जुलैला, टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले होते आणि त्यांनाही तोच सन्मान मिळाला. रायगडातल्या माणगावकडचा माणूस इटलीच्या डोंगरात कशासाठी गेला, याचं उत्तर इंग्रजांच्या वहीत असेल. आपल्याकडे फक्त तारखा आहेत.

इथवर वाचून सान मारिनो म्हणजे संतांचं गाव, असा समज व्हायला नको. सहा महिन्यांची मुदत ही काही लस नव्हे. १९२३ पासून वीस वर्षं इथे फॅसिस्टांचं राज्य होतं. रीजंट नेमाने बदलत राहिले, पक्ष मात्र बदलत नव्हता. माणसं फिरवून सत्ता तिथेच ठेवायची युक्ती डोंगरावरही चालते, हे त्या वीस वर्षांनी दाखवलं. १९४३ च्या जुलैत मुसोलिनी पडला आणि तीन दिवसांत इथलंही राज्य कोसळलं. युद्धानंतर पारडं असं फिरलं की कम्युनिस्ट आणि समाजवादी यांचं निवडून आलेलं सरकार १९५७ पर्यंत टिकलं, पश्चिम युरोपात, इटलीच्या कुशीत. त्याचा शेवट नाटकाला शोभेल असा झाला. बहुमत हातचं गेलं, जुन्या रीजंटांची मुदत संपली, आणि विरोधकांनी सीमेलगतच्या रोव्हेरेता इथल्या एका बंद कारखान्यात आपलं वेगळं सरकार थाटलं. इटलीने कारखान्यातल्या सरकारला मान्यता दिली. दोन्हीकडे हत्यारबंद माणसं. ६१ चौरस किलोमीटरमध्ये काही दिवस दोन सरकारं! गोळी मात्र चालली नाही. राजवाड्यातल्यांनी अखेर माघार घेतली आणि डोंगरावर पुन्हा एकच सरकार उरलं. नातेवाईकांवर गोळी झाडणं अवघड असतं, हे इथे कामी आलं असावं.

बायकांच्या बाबतीत तर डोंगर डोंगरासारखाच हलला. मतदानाचा पहिला प्रसंग त्यांच्या वाट्याला आला १९६४ च्या निवडणुकीत, आणि निवडणुकीला उभं राहायचा हक्क १९७३ मध्ये. पहिली स्त्री रीजंट, मारिया लेआ पेदिनी, १९८१ मध्ये झाली. ज्या देशाची जमीन एका बाईने दिली, त्याला हे सुचायला सोळाशे ऐंशी वर्षं लागली.

आणि मग पैसा. तिकिटं हा इथला जुना उद्योग. १८७७ पासून सान मारिनो आपली टपालतिकिटं छापतं. त्यातली कितीतरी कुठल्याही पाकिटाला न चिकटता थेट संग्राहकांच्या वह्यांत जातात. युरोपीय संघात नसूनही चलन युरो आहे, आणि आपल्या बुरुजांच्या चित्रांची नाणी पाडायची मुभाही आहे. तीही वह्यांत जातात. वर्षाकाठी वीस लाखांच्या आसपास पर्यटक येतात, दुपारी चढतात, संध्याकाळी उतरतात. खरा संसार मात्र खालच्या सपाट भागातल्या कारखान्यांवर चालतो. यंत्रं, फरशा, रंग, लाकडी सामान. रोज सकाळी हजारो इटालियन माणसं सीमा ओलांडून इथे कामाला येतात. माणसांपेक्षा वाहनं जास्त असलेल्या मोजक्या देशांत याची गणना होते. चालत ओलांडता येणाऱ्या देशात एवढ्या गाड्या कशाला, असं विचारू नये. चढ आहे.

पण मधल्या काळात या डोंगराला थांबायचं कळेनासं झालं. शेजारी कर जबर आणि इकडे बँकांचं तोंड बंद, त्यामुळे इटालियन पैसा चढणीला लागला. बँका वाढल्या, इमारती वाढल्या. १४६३ मध्ये जमिनीला म्हटलेलं पुरे इथे कुणाला आठवलं नाही. २००९ मध्ये इटलीने परदेशी दडवलेला पैसा परत आणणाऱ्यांना सवलत दिली आणि पैसा ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने उतरला. काही बँका बंद पडल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या, आणि वाचवायचा खर्च सरकारी तिजोरीवर पडला. इटलीच्या काळ्या यादीतून नाव निघायला २०१४ उजाडलं. मुलूख नको म्हणणं सोपं होतं, कारण त्याला कुंपण घालावं लागलं असतं. पैशाला कुंपण लागत नाही, म्हणून तो नको म्हणायला जड गेला.

फुटबॉलने मात्र नम्रता शिकवायचं काम न थकता केलं. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी बोलोन्यात इंग्लंडविरुद्ध सामना सुरू होऊन साडेआठ सेकंदही झाले नव्हते तोच दाविदे ग्वाल्तिएरीने गोल केला. नऊ सेकंदांचा आनंद आणि जवळजवळ नव्वद मिनिटांची परतफेड, अशा हिशेबाने सामना ७–१ ने गेला. २००६ मध्ये जर्मनीने सान मारिनोच्याच मैदानावर येऊन तेरा गोल केले. २०२४ अखेर या संघाचे एकूण विजय तीन. पहिला २००४ मध्ये, दुसरा २०२४ च्या सप्टेंबरात, तिसरा त्याच वर्षी नोव्हेंबरात. तिन्ही वेळा पराभूत संघ एकच होता, लिख्टेनस्टाइन. जगात शेवटून पहिल्या असणाऱ्यालाही ज्याच्याशी बरोबरीने खेळता येईल असा एक मित्र हवाच. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र पाच खेळाडू गेले आणि त्यातले तिघे पदक घेऊन आले. इतक्या कमी लोकसंख्येच्या देशाने उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक जिंकायची ती पहिलीच वेळ. नेमबाजीत दोन, कुस्तीत एक. दर पाचात तीन! या हिशेबाने बघितलं तर अमेरिका आणि चीन यांनी सराव वाढवायला हरकत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त मोह पडतो तो त्या चार माणसांचा, जी दर वर्षी राष्ट्रप्रमुख होतात आणि मग नसतात. दहा वर्षांत चाळीस. मखमली पोशाख उतरवून ती आपापल्या कचेरीत, दवाखान्यात, दुकानात परत जातात. फार्मसीत औषध देणारा, बँकेत रांगेत पुढे उभा असलेला, शाळेत गणित शिकवणारी, कुणीही कधीतरी देशाचं तोंड असू शकतं, आणि तरी त्याला रांग सोडून पुढे जाता येत नाही, कारण मागचाही कधीतरी तेच होता. आपल्याकडे चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 'माजी' छोट्या अक्षरांत आणि 'भावी' मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे. सान मारिनोत असे फ्लेक्स लावायला भिंती पुरल्या नसत्या. तिथे निम्मं गाव माजी आणि उरलेलं भावी. विद्यमान दोघंच, आणि तेही पुढच्या एक तारखेपर्यंत.